ओलावा

मोंढ्यात सत्तावीस वर्षं मी मापारी होतो.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं,
मग दोन, मग तीन,
आणि तूर, हरभरा, सोयाबीन
माझ्या तोंडून आकडा होऊन
अडत्याच्या वहीत जाऊन बसायचे.

आता लातूरच्या धावपट्टीवर
त्रिपुरी पुनवेपासून शिमग्यापर्यंत,
मंगळवारी आणि शनिवारी,
माणसं तोलतो.

विमान लहान. दोन पंख्यांचं, सतरा खुर्च्यांचं,
सव्वा तासात समुद्राकाठी टेकणारं.
असल्या विमानात माणसं मोजून भागत नाही,
तोलावी लागतात,
बॅगेसकट, पायातल्या चपलेसकट.
बायका काट्यावर चढल्या की आकड्यावर हात धरतात.
मी म्हणतो, ताई, भाव नाही लावायचा,
नुसतं वजन.

दाळमिलवाले शिवलिंगप्पा हलकुडे, एकशे चार.
सोबत तीन डबे धपाटे, शेंगाची चटणी,
तिकडं सगळं मासळीचंच असतंय म्हणे.
उदगीरचं नवं जोडपं एकदमच चढलं,
म्हटलं, एकेक या,
तर दोघंही उतरेनात.
निलंग्याच्या रिटायर नर्सबाई,
प्रयागबाई सूर्यतळे, एकेचाळीस.
पस्तीस वर्षं तान्ही लेकरं तोलली हो मी, म्हणाल्या,
आज पहिल्यांदा कुणी मला तोलतंय.
मग हळूच, काट्यावरूनच:
केवढा असतो हो समुद्र?

मी काय सांगावं.
मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी मांजरा धरणाचं,
तेही भरल्या सालचं.

परत आलेल्यांना तोलायचा नियम नाही.
तरी मी काट्याकडं बोट करतो,
लोकही चढतात, हौसेनं.
हलकुडे दीड किलो वाढून आले.
कशानं, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मी त्यांच्या घरी विचारलं नाही.
नर्सबाई एकेचाळीसच.
पण लुगड्याच्या काठावर
मिठाची पांढरी रेघ उमटली होती,
आणि त्या काट्यावरून उतरायचं विसरल्या.

मोंढ्यात ओलाव्याचं यंत्र असतं.
मूठभर दाणे टाकले की आकडा सांगतं,
बाराच्या वर गेला की वजनातून कापतात.
समुद्रावरून आलेल्या माणसाचा ओलावा
कितीवर धरायचा?
आणि कापायचा कुणाच्या खात्यातून?

शेवटच्या शनिवारी चारच माणसं आली.
शेपटाला भार हवा म्हणून
तिकडच्या पोरांनी वाळूच्या दोन गोण्या टाकलेल्या.
वैमानिक मोकाशी मॅडम म्हणाल्या,
काका, ह्या इथंच राहू द्या,
आता विमान हैदराबादला दुरुस्तीला.
आणि तुम्ही कधी येणार?
म्हटलं, पुढच्या हंगामात.
गेल्या हंगामातही हेच म्हटलं होतं.

विमान गेलं.
खिडकीला कुलूप, पाटीवर गोणपाट.
काटा कुणी न्यायला आलं नाही.
वाऱ्याची पिशवी तेवढी खांबावर
रिकाम्या पट्टीला दिशा दाखवत राहिली.

मी एक गोणी काट्यावर ठेवली.
लाभ, म्हणालो, सवयीनं.
बत्तीस किलो.
पुढच्या मंगळवारी एकतीस.
रामनवमीला तीस.
वैशाखात अठ्ठावीस, आणि मग थांबली,
कितीही ऊन पडलं तरी खाली जाईना.
म्हणजे चार किलो समुद्र
माझ्या डोळ्यांदेखत
औश्याच्या बाजूनं उडून गेला
आणि त्याला तिकीट लागलं नाही.

आता धावपट्टीच्या कडेनं
लतीफभाईच्या शेळ्या चरतात.
गवत सोडून त्या गोणीशी येतात,
गोणपाट चाटतात,
डोळे मिटून, बराच वेळ.
मी हाकलत नाही.
काल कुणी बघत नाही असं पाहून
मीही बोट लावून जिभेवर टेकवलं.

खारट.
अजून.